पर्यावरणीय व व्यावसायिक आरोग्य : पदव्युत्तर शिक्षण (धाराशिव जिल्हा)

हवा, पाणी, उष्मा, धूळ, धूर, रसायने आणि कामाची पद्धत यांचा माणसाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम मोजणारी व तो टाळण्याचे उपाय शोधणारी सार्वजनिक आरोग्याची शाखा. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांनी १७०० मध्ये कष्टकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह या शाखेचा पाया मानला जातो. धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला या विषयाच्या पदवीसाठी बाहेर जावे लागते. अभ्यासाची सामग्री मात्र त्याच्या गावातच असते.

पार्श्वभूमी : २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६. पाऊस बेभरवशाचा, शेती मुख्यतः कोरडवाहू. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत हा एक होता.

कामाशी निगडित धोके : सर्वांत मोठा प्रश्न ऊसतोडीचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेऊन ही जोडी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाते, फडाशेजारी कोपीत राहते, पहाटेपासून ऊस तोडते आणि ३०-४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते. एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि अंगावरची बाकी वाढते. त्यामुळे ताप, पाळी, गरोदरपण यांपैकी कशासाठीही थांबणे परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एवढ्या मोठ्या संख्येने झालेल्या शस्त्रक्रियांमागे श्रम, पाणी, शौचालय, कर्ज आणि खासगी दवाखाना यांचा कोणता गुंता आहे, हे उलगडणे हे याच शाखेचे काम आहे.

सोयाबीन, तूर व द्राक्षांवर पाठीवरच्या पंपाने होणारी फवारणी हा दुसरा विषय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर या धोक्याकडे राज्याचे लक्ष गेले. भूम-वाशी भागातील खवाभट्टीवर दूध आटेपर्यंत कढईपुढून हलता येत नाही. लाकडाचा धूर आणि आच दोन्ही तोंडावर येतात. खडी केंद्रांवर दगडाच्या भुकटीतील सिलिका फुफ्फुसात साठते. साखर कारखान्यात बुरशी धरलेल्या बगॅसच्या (रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या) धुळीने बगॅसोसिस हा फुफ्फुसाचा विकार होऊ शकतो. विहिरी व बोअरच्या पाण्यातील नायट्रेट हा पर्यावरणीय बाजूचा प्रश्न. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

कायद्याची चौकट : या विषयाचे भारतातील शिक्षण १९४८ च्या कारखाने अधिनियमाभोवती वाढले. त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील रोग कारखान्यात आढळला, तर तो कळवणे बंधनकारक करण्यात आले. यामुळे गव्हाणीपासून (कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागेपासून) आतला कामगार या व्यवस्थेच्या कक्षेत आला. त्याच गव्हाणीपर्यंत ऊस पोचवणारा तोडकरी बाहेर राहिला. अभ्यासक्रमांतही हीच विषमता उतरली आहे. यंत्र, बॉयलर व रसायने यांचा पाठ पक्का असतो, तर फड, भट्टी आणि शिवार यांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात.

शिक्षणाच्या वाटा : (१) एमबीबीएस झालेल्यांसाठी ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. अधिक सखोल अभ्यासासाठी समाजवैद्यकातील एमडी करता येते. (२) कोणत्याही आरोग्यसंबंधित पदवीनंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) हा मार्ग खुला होतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे एमपीएच आहे. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्य हाच विषय घेऊन ही पदवी घेता येते. चुलीच्या धुरावर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले असल्याने खवाभट्टीचा प्रश्न हाती घेणाऱ्याला ती संस्था विशेष उपयोगी. (३) विज्ञान पदवीधरांना छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एमएस्सी करता येते. पुढे पीएचडीसाठी नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी (स्थापना १९५८), हे मोठे केंद्र आहे. (४) अभियंत्यांसाठी औद्योगिक सुरक्षिततेची पदविका आहे. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था ही या क्षेत्रातील देशाची प्रमुख संशोधन संस्था. तिचे काम १९६६ मध्ये सुरू झाले. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळू शकते.

जिल्ह्यातील आधार : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात ग्रामविकासाशी संबंधित शिक्षण दिले जाते. धाराशिव येथे मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र असून २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. अणदूर (ता. तुळजापूर) येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभ्या केलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. घराघरांत विश्वासाने वावरणारी अशी माणसे नसतील, तर या विषयातले संशोधन उंबऱ्याबाहेरच अडते.

संशोधनाची रीत : निकाराग्वा व एल साल्वादोर येथील ऊसतोड मजुरांत मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे दिसून आले. उष्म्यातील कष्ट व शरीरातील पाणी घटणे ही त्यामागची प्रमुख संशयित कारणे आहेत. पाणी, विश्रांती आणि सावली या तीन उपायांवर तेथे काम झाले. धाराशिवच्या ऊसतोड टोळ्यांबाबत हा प्रश्न तपासायचा, तर अभ्यास हंगामाबरोबर चालला पाहिजे : दसऱ्याच्या सुमारास टोळी निघण्यापूर्वी गावात मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासणे, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडावर जाऊन पुन्हा तपासणे आणि पाडव्याच्या आगेमागे परतल्यावर तिसरी तपासणी करणे. फडात साध्या थर्मामीटरवरचा आकडा पुरत नाही. ऊन, वारा व दमटपणा यांचा एकत्रित ताण मोजणारे उपकरण लागते. फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या कीटकनाशकांमुळे घटणाऱ्या विकराचेही तसेच : हंगामाआधीची पातळी ठाऊक असेल तरच नंतरची घट ओळखता येते. संमती घेताना विशेष काळजी हवी. उचलीखाली दबलेल्या मजुराने मुकादमासमोर दिलेला होकार खरा होकार धरता येत नाही. ती बोलणी टोळी निघण्याआधी, त्याच्या घरी व्हायला हवीत.

रोजगार व उपयोग : कारखान्यांतील वैद्यकीय व सुरक्षा अधिकारी, राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, आरोग्य विभाग, संशोधन संस्था व स्वयंसेवी संस्था येथे या पदवीधरांना काम मिळते. यांपैकी बहुतेक नोकऱ्या शहरांत व औद्योगिक वसाहतींत आहेत, म्हणून शिकलेला तरुण परत येत नाही. त्याला परत आणण्याचा व्यवहार्य मार्ग प्रबंधातून जातो. जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालय, उपकेंद्र व तुळजापूर परिसर यांनी बाहेर शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी प्रयोगशाळा व सहमार्गदर्शक दिला, तर ऊसतोड मजुरांच्या हंगामपूर्व व हंगामोत्तर तपासणीची नोंद दरवर्षी साठत जाईल. मजुराला भरपाई, औषधोपचार व फडावर पाणी-सावली मिळवून द्यायची, तर शासनापुढे आणि साखर कारखान्यांपुढे ठेवायला हाच पुरावा लागणार आहे.