विषम कोणाला? : इस्तंबूलचा ताल आणि ‘टाइम आउट’ (१९५९)

संगीताच्या इतिहासात एखादी रचना ‘असामान्य तालातील’ म्हणून नोंदवली जाते, तेव्हा तो ताल कोणाला असामान्य वाटला, हे बहुधा अध्याहृतच राहते. तौलनिक अभ्यासकाला हे अध्याहृत उघड करावे लागते. संस्कृत वृत्तशास्त्रातील सम, अर्धसम आणि विषम ही वर्गवारी चरणांच्या परस्परसाम्यावर उभी आहे. तेथे ‘विषम’ हा दोष नव्हे. हिंदुस्थानी संगीतात सात मात्रांचा रूपक (३+२+२) किंवा दहा मात्रांचा झपताल (२+३+२+३) ऐकताना कोणी दचकत नाही. दोन, तीन वा चार ठोक्यांच्या आवर्तनांवर पोसलेल्या कानाला मात्र अशी रचना वेगळी वाटते. अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक (१९२०-२०१२) याच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ हा संग्रह या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ही चौकडी पोलंड, तुर्कस्तान, भारत, इराण, इराक आदी देशांच्या दौऱ्यावर पाठवली. शीतयुद्धकाळातील सांस्कृतिक राजनयाचाच तो एक भाग होता. इस्तंबूलच्या रस्त्यावर ब्रूबेकने नऊ मात्रांचा एक ताल ऐकला. त्याची विभागणी तीन-तीनच्या तीन गटांत नसून २+२+२+३ अशी होती. तेथील रेडिओच्या वादकांकडे त्याविषयी विचारणा केली असता, तुमच्याकडे ब्लूजचे जे स्थान तेच आमच्याकडे या तालाचे, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे तो पुढे सांगत असे. तुर्की परंपरेत या तालाला ‘अक्साक’, म्हणजे लंगडा, म्हणतात. तेथे ते केवळ तालाचे नाव आहे. रुमानियन अभ्यासक कॉन्स्टन्टिन ब्रायलॉयू याने १९५१ मध्ये तीच संज्ञा अशा तालांच्या संपूर्ण वर्गासाठी योजली आणि एका तालाचे नाव शास्त्रीय प्रवर्ग बनले.

त्या श्रवणातून ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ ही रचना घडली. तिचे शीर्षक मोझार्टच्या ‘तुर्की’ राँडोची आठवण देते; पण १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सोनाटाचा हा शेवटचा भाग दोन मात्रांच्या मापातच चालतो. मोझार्टने तुर्की रंग घेतला, ताल घेतला नाही. ब्रूबेकने तालच घेतला. २+२+२+३ ची तीन आवर्तने आणि चौथे ३+३+३ चे, अशी त्याच्या मुख्य धूनेची बांधणी आहे. तथापि उत्स्फूर्त वादनाची वेळ येताच रचना चार मात्रांच्या ब्लूजमध्ये उतरते. यास माघार म्हणता येईल. परंतु वादकांचे ते उत्तर लक्षात घेतले, तर दोन ‘घरचे’ ताल येथे शेजारी ठेवलेले दिसतात. ही उसनवारी नसून तुलना आहे.

‘टेक फाइव्ह’ची कथा निराळी. ती पॉल डेस्मंडची रचना, पाच मात्रांची (३+२). न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत, टिओ मॅसेरो याच्या निर्मितीखाली २५ जून १९५९ रोजी झालेले ध्वनिमुद्रण जमले नाही. १ जुलैला ते साधले. पियानोवर एकच छोटी आकृती अखंड फिरत राहते आणि तिच्या आधारावर जो मोरेलो ड्रमवर मोकळेपणी विस्तार करतो. आपल्याकडे एकल तबलावादनात लेहरा हेच कार्य करतो. अपरिचित आवर्तन श्रोत्याच्या अंगवळणी पाडण्याचा उपाय दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे सापडला, हे साम्य प्रभावाच्या कक्षेत बसत नाही.

कंपनीच्या विक्री विभागाचा या संग्रहाला विरोध होता, अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन मात्र पाठीशी राहिला, असे ब्रूबेकने नोंदवले आहे. डिसेंबर १९५९ मध्ये संग्रह बाहेर आला आणि अपेक्षेपलीकडे लोकप्रिय झाला. त्याच्या इतिहासात रचनाकार, वादक, निर्माता, अध्यक्ष या सर्वांची नावे येतात. इस्तंबूलच्या रस्त्यावरील वादकांचे नाव येत नाही. ‘असामान्य’ हे विशेषण या विस्मृतीला हातभार लावते, कारण त्यायोगे जे एकाच्या घरी नित्याचे आहे ते दुसऱ्याच्या घरी शोध ठरते. प्रभावाचा इतिहास लिहिताना कोणी घेतले एवढेच नोंदवून भागत नाही. कोणाच्या नित्यातून घेतले, हेही नोंदवावे लागते.