औषधनिर्माता (व्यवसाय)

औषधनिर्माता किंवा फार्मासिस्ट म्हणजे औषधांची निर्मिती, तपासणी, साठवण व वितरण करणारी आणि त्यांच्या योग्य वापराविषयी रुग्णास मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यक्ती होय. भारतात हा व्यवसाय फार्मसी कायदा, १९४८ आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यांनी नियंत्रित केला जातो. औषधाच्या दुकानास बोलीभाषेत ‘मेडिकल’ म्हणत असल्याने औषधनिर्मात्याची ओळख पुष्कळदा दुकानदार अशीच होते. प्रत्यक्षात डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या हातातील गोळी यांच्यामधील तो शेवटचा तपासनीस असतो. हा व्यवसाय निवडण्यामागील प्रेरणा आणि त्यासाठी लागणारे गुण यांचा विचार याच जबाबदारीच्या संदर्भात केला जातो.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या व्यवसायाच्या बहुतेक शाखा एकाच परिसरात आढळतात. त्यामुळे या लेखात त्या तालुक्याचा उदाहरणादाखल उल्लेख केला आहे.

इतिहास

प्राचीन व मध्ययुगीन भारतात वैद्य स्वतःच औषध तयार करीत असे. युरोपात तेराव्या शतकात सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषध तयार करणारा हे दोन व्यवसाय कायद्याने वेगळे केले. ब्रिटिश काळात भारतात दवाखान्यांतून ‘कंपाउंडर’ हा वर्ग उदयास आला. डॉक्टरांच्या सूचनेनुसार मिश्रणे तयार करणे, पुड्या बांधणे आणि बाटलीवर मात्रा दर्शविणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटविणे, ही त्याची कामे असत. त्यासाठी देशभर लागू असलेले समान शिक्षण किंवा नोंदणी नव्हती.

औषधांच्या दर्जाविषयी चौकशी करण्यासाठी सरकारने १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. श्रॉफ यांना भारतातील औषधनिर्माण शिक्षणाचे जनक मानले जाते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने शिक्षणाचा किमान दर्जा आणि नोंदणी यांची चौकट घालून दिली.

पुणे परिसरात १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून या कंपनीच्या संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळविले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव आहे.

शिक्षण व नोंदणी

बारावी विज्ञान शाखेनंतर (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित) पुढील अभ्यासक्रम उपलब्ध असतात.

• पदविका (डी. फार्म.) – दोन वर्षे व त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. २०२२ च्या नियमांनुसार पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी निर्गमन परीक्षेची तरतूद करण्यात आली आहे.
• पदवी (बी. फार्म.) – चार वर्षे. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. महाराष्ट्रात बारावीनंतरचा प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे होतो.
• फार्म. डी. – सहा वर्षे. त्यांपैकी शेवटचे वर्ष रुग्णालयातील आंतरवासितेचे असते. हा अभ्यासक्रम २००८ पासून अस्तित्वात आहे.

अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कायद्याच्या कलम ४२ नुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याव्यतिरिक्त अन्य कोणासही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देता किंवा वितरित करता येत नाही.

व्यवसाय निवडण्यामागील प्रेरणा

या व्यवसायाकडे वळण्याची कारणे भिन्न असतात. त्यांचे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

विषयाची आवड: रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचा प्रत्यक्ष उपयोग पाहण्याची इच्छा हे एक प्रमुख कारण आहे. सह्याद्रीत आढळणारा नरक्या हा वृक्ष याचे उदाहरण म्हणून सांगता येतो. त्यात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असते आणि त्यापासून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे विकसित झाली. मात्र या द्रव्यासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे हा वृक्षच संकटात आला. औषधाचा शोध आणि त्याच्या मूळ स्रोताचे रक्षण हे दोन्ही प्रश्न या शास्त्राच्या कक्षेत येतात.

सेवाभाव: आजारी माणसास प्रत्यक्ष मदत करता यावी, ही इच्छा अनेकांस या क्षेत्रात आणते. घरातील एखाद्याचे दीर्घ आजारपण, किंवा चुकीच्या औषधाचा झालेला त्रास जवळून पाहणे, हेही कारण ठरते.

आर्थिक व कौटुंबिक कारणे: पदविकेचा कालावधी कमी असल्याने लवकर मिळवते होता येते आणि गाव न सोडता व्यवसाय करता येतो. घरचे औषधाचे दुकान पुढे चालविण्यासाठीही अनेक जण हे शिक्षण घेतात.

दुसरा पर्याय: वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश न मिळाल्याने या शाखेकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही एक वर्ग असतो. ही सुरुवात कमीपणाची मानण्याचे कारण नाही. औषध देताना होणारी चूक देणाऱ्याची मूळ प्रेरणा कोणती होती यावर अवलंबून नसते. ती त्याच्या ज्ञानावर, सवयींवर आणि सावधपणावर अवलंबून असते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी असलेल्या प्रेरणेइतकेच शिक्षणकाळात व कामातून अंगी बाणणारे गुणही महत्त्वाचे ठरतात.

आवश्यक गुण

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या अहवालात औषधनिर्मात्याच्या सात भूमिका सांगितल्या आहेत: शुश्रूषा करणारा, निर्णय घेणारा, संवाद साधणारा, व्यवस्थापक, आजीवन विद्यार्थी, शिक्षक आणि नेता. ही संकल्पना ‘सात तारांकित औषधनिर्माता’ म्हणून ओळखली जाते. दैनंदिन कामाच्या दृष्टीने पुढील गुण विशेष आवश्यक मानले जातात.

अचूकता: भारतात इन्शुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांमध्ये मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० एककांच्या सिरिंजने १०० एककांचे इन्शुलिन भरल्यास रुग्णास अडीचपट मात्रा जाते व रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तसेच लहान मुलांसाठीच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये एका मिलिलिटरमध्ये सामान्यतः १०० मिलिग्रॅम औषध असते, तर १२५ मिलिग्रॅमच्या पातळ औषधात तेवढेच औषध चार मिलिलिटरमध्ये असते. एकाच्या जागी दुसरे त्याच मापाने दिल्यास मात्रा चौपट होते किंवा चतुर्थांशावर येते.

विचारण्याचे व थांबण्याचे धैर्य: मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्यास जीवघेणे ठरू शकते. चिठ्ठीत ‘रोज’ असे लिहिलेले आढळल्यास किंवा अक्षर न लागल्यास अंदाजाने औषध न देता डॉक्टरांशी संपर्क साधणे, हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य असते. रांगेतील ग्राहक खोळंबले असताना, मालकाची नाराजी पत्करून किंवा नामांकित डॉक्टरांस दूरध्वनी करून शंका विचारावी लागते. नियमांनुसार चिठ्ठीतील औषधाच्या जागी परस्पर दुसऱ्या कंपनीचे औषध देण्यासही मनाई आहे.

संवादकौशल्य: औषध केव्हा, किती व किती दिवस घ्यावयाचे हे रुग्णाच्या भाषेत सांगता यावे लागते. ‘जेवणाआधी’, ‘उपाशीपोटी’ व ‘जेवणानंतर’ यांतील फरक, श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाच्या पंपाचा वापर, बरे वाटले तरी क्षयरोगाचे औषध मध्येच का थांबवू नये, या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा करून सकाळ-रात्र दर्शविणे, हा एक साधा उपाय आहे. रुग्णाचा आजार इतरांसमोर उघड न करणे हाही संवादाचाच भाग होय.

प्रामाणिकपणा: अनुसूची एच-१ मधील औषधे, ज्यांत काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. ओळखीच्या माणसास चिठ्ठीविना प्रतिजैविक नाकारणे हे धंद्याच्या दृष्टीने तोट्याचे वाटते, परंतु अशा विक्रीतूनच औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढतात.

व्यवस्था व सातत्य: लसी व इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवणे, ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वापरणे, मुदतबाह्य माल वेगळा काढणे, तापमानाची रोज नोंद करणे, ही कामे नीरस असली तरी टाळता येत नाहीत.

शिकत राहण्याची तयारी: नवी औषधे येतात, जुन्यांवर बंदी येते आणि जुन्या औषधांचे नवे उपयोगही सापडतात. उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर परिणामकारक ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवरील कामातून दाखविले. असे ज्ञान ठेवणाऱ्या औषधनिर्मात्याच्या कपाटात ते औषध वेळेवर उपलब्ध असते.

जबाबदारीचे स्वरूप: १९८६ ची दुर्घटना

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विषारी द्रव्य होते. याच द्रव्यामुळे १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक व्यक्ती दगावल्या होत्या, म्हणजेच हा धोका पन्नास वर्षांपासून ज्ञात होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी करून खरेदी, तपासणी आणि प्रशासन यांतील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या. औषध पुरवठ्याच्या साखळीत कोणत्याही एका टप्प्यावर योग्य तपासणी होऊन माल अडविला गेला असता, तर तो रुग्णांपर्यंत पोहोचला नसता. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांस दर्जानियंत्रणाचे महत्त्व सांगण्यासाठी या घटनेचा दाखला दिला जातो.

मुळशी तालुक्यातील चित्र

मुळशी तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. तालुक्याचा पूर्व भाग पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांना लागून असून औद्योगिक आहे, तर ताम्हिणी घाटाकडील पश्चिम भाग डोंगराळ, अतिपावसाचा व विरळ वस्तीचा आहे. औषधनिर्मात्याच्या कामाची दोन टोके त्यामुळे येथे जवळजवळ दिसतात.

नांदे येथे ल्युपिन या कंपनीचे संशोधन केंद्र असून घोटावडे परिसरात तिचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. हिंजवडी येथील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने विकसित केलेल्या एमआरएनए प्रकारच्या कोविड प्रतिबंधक लसीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. या प्रकारच्या सुरुवातीच्या लसींना अतिशीत तापमानाची गरज होती, तर ही लस २ ते ८ अंशांत साठविता येते. मारुंजी येथे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी संशोधन, उत्पादन, दर्जानियंत्रण व अध्यापन या शाखांत काम करणाऱ्यांस चिकाटी, काटेकोर नोंदी आणि सहकाऱ्यांसमवेत काम करण्याची वृत्ती लागते.

पौडचे ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे येथील गरज वेगळी असते. डोंगरी भागात साधारणतः २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे. तेथील औषधनिर्माण अधिकारी हा सहसा एकटाच असतो व उपकेंद्रांच्या पातळीवर हे पद नसते. साठ्याची मागणी वेळेत नोंदविणे हे त्याच्या कामाचे केंद्र होय. भातलावणीच्या हंगामात सर्पदंशाचा धोका वाढतो. त्या वेळी प्रतिसर्पविष केंद्रात उपलब्ध असणे हे कित्येक आठवडे आधी केलेल्या मागणीवर अवलंबून असते. पावसाळ्यातील दमट हवेपासून गोळ्यांचे रक्षण करणे आणि वीज खंडित झाल्यास शीतपेटीची व्यवस्था पाहणे, हीसुद्धा त्याचीच जबाबदारी असते.

व्यवसायातील अडचणी

आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानदारास भाड्याने देऊन स्वतः अनुपस्थित राहणे, ही या व्यवसायातील जुनी अपप्रवृत्ती आहे. २०१२-१३ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर असण्याविषयी कठोर भूमिका घेतली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी तिला विरोध केला होता. दीर्घकाळ उभे राहण्याचे काम, खासगी दुकानांतील अल्प वेतन, ऑनलाइन विक्रीची स्पर्धा आणि समाजात मिळणारी मर्यादित ओळख या अन्य अडचणी आहेत.

फार्मसी व्यवहार नियम, २०१५ यांनी रुग्णसमुपदेशन हे औषधनिर्मात्याच्या कामाचा अधिकृत भाग ठरविले. दरवर्षी २५ सप्टेंबर हा दिवस जागतिक औषधनिर्माता दिन म्हणून पाळला जातो. १९१२ मध्ये याच तारखेस आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघाची स्थापना झाली होती.