बुरूज, वाय-फाय आणि करमरकर

मस्कतहून सूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत इब्रा लागतं. गावाभोवतीच्या टेकड्यांवर जुने टेहळणीचे बुरूज अजून दिसतात. असे बुरूज बांधायचे म्हणजे एक प्रश्न आलाच: कमीत कमी बुरुजांतून सगळा मुलूख नजरेत कसा ठेवायचा? आज तिथे एखाद्या कॉलेजात वाय-फाय बसवताना हाच प्रश्न पडतो. फक्त नजरेच्या जागी रेडिओलहरी आणि डोंगराच्या जागी भिंती!

वायरलेस लॅनचं ८०२.११ हे मानक १९९७ साली आलं. सिग्नल कमी पडला की लावा आणखी एक अॅक्सेस पॉइंट, हा सोपा उपाय. पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल साधारण तीनच: १, ६ आणि ११. दोन शेजारी एकाच चॅनेलवर आले की आळीपाळीनं बोलतात आणि वेग घटतो. म्हणजे प्रश्न दोन: पॉइंट कुठे लावायचे आणि कुणाला कोणता चॅनेल द्यायचा?

गंमत म्हणजे दोन्ही प्रश्न वाय-फायपेक्षा जुने आहेत. १९७२ साली बर्कलीच्या रिचर्ड कार्प यांनी २१ महाकठीण प्रश्नांची यादी मांडली. कमीत कमी तुकड्यांनी सगळं झाकणं आणि शेजाऱ्यांना वेगवेगळे रंग देणं, दोन्ही त्यात आहेत. ५० जागा असतील, तर लावायचा की नाही याचे पर्याय होतात अकराशे लाख कोटींच्या वर!

मग कॉम्प्युटर काय करतो? आधी मानतो, की अर्धा-पाव पॉइंटही चालेल. हे झालं लिनियर प्रोग्रॅमिंग. त्यातून कळतं, की किमान किती लागणारच. मग पर्याय छाटत तो पूर्ण आकड्यांकडे येतो.

लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी १९४७ साली जॉर्ज डॅन्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती पर्यायांच्या कडेकडेनं चालते. १९८४ साली बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकरांनी थेट आतून जाणारी वाट शोधली. ग्वाल्हेरचे, आयआयटी मुंबईचे आणि पीएचडी केली ती कार्प यांच्याकडेच! गुरूंनी अवघड घाट दाखवले, शिष्यानं एक हमरस्ता खुला केला. घाट मात्र अजून तसेच आहेत. सगळ्या वेळी झटपट अचूक उत्तर देणारी रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही.

तेव्हा घरात सिग्नल येत नसेल, तर दुसरा राऊटर आणण्याआधी आहे तो हलवून पाहा. किती यापेक्षा कुठे, हे जास्त महत्त्वाचं.