भुईआंवळीचें एक प्रकरण

शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. मुलूख पर्जन्यछायेंतला, पाऊस बेताचाच. पण दोन सरी पडल्या कीं बांधावर भुईआंवळी उगवतेच. पानांखालीं मोहरीहून किंचित् मोठीं हिरवीं फळें ओळीनें लटकतात, त्यांवरून ती चटकन् ओळखूं येते. खुरपणींत ती तण म्हणून उपटली जाते, आणि घरांत कोणाचे डोळे पिवळे झाले कीं शोधून आणली जाते. आयुर्वेदांत हीच भूम्यामलकी.

या रोपट्यानें एकदां मोठीच आशा दाखविली होती. काविळीच्या ‘ब’ विषाणूच्या शोधाबद्दल बारूख ब्लुमबर्ग या अमेरिकन संशोधकांस १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु रक्तांत ठाण मांडून बसला तर पुढें यकृताचा कर्करोग होण्याची भीति कितीतरी पटींनीं वाढते, हें तैवानांतील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीनें १९८१ सालीं सिद्ध झालें. मग मद्रासचे त्यागराजन् आणि ब्लुमबर्ग प्रभृतींनीं भुईआंवळीचीच परीक्षा घेतली. १९८८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष आला: तीस दिवस तिची पूड घेतलेल्या ३७ जणांपैकीं २२ जणांच्या रक्तांतून विषाणूची खूण गेली, निरुपद्रवी पूड दिलेल्या २३ जणांपैकीं एकाचीच गेली. आमच्या वैद्यकीच्या अभिमान्यांस आणखी काय हवें होतें? पण पुढें अन्यत्र झालेल्या प्रयोगांत हें यश पुन्हा आलें नाहीं. पहिली वार्ता घरोघर पोंचली. दुसरी कोणी सांगत नाहीं!

कांचेच्या भांड्यांत वाढविलेल्या यकृताच्या कर्कपेशी या जातीच्या वनस्पतींच्या अर्कानें मरतात, हेंही खरें. अर्काच्या आघातानें पेशींतली स्वनाशाची योजना जागी होते आणि पेशी आपणच आपला शेवट करते. हळदींतलें कर्क्युमिनही भांड्यांत असाच प्रताप गाजवितें. पण भांडें म्हणजे देह नव्हे. पोटांत गेलेलें कर्क्युमिन रक्तांत अल्पच उतरतें. आणि जें उतरतें तें झपाट्यानें निकामी करून टाकण्याचें काम करतें कोण? तें यकृतच.

घात होतो तो निराळ्याच ठिकाणीं. ‘अ’ प्रकारची कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय ताकांतून घेतलेल्या रसाला मिळतें. तोच विश्वास मग ‘ब’वर ठेवला जातो. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणजे तो विषाणु गेला असें नव्हे, आणि रक्त तपासल्यावांचून तें कळत नाहीं. तैवाननें १९८४ सालापासून नवजात बालकांना ‘ब’ची लस टोंचावयास आरंभ केला, पुढें तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण खालीं आलें.