पानाचा पत्ता, ओवीचं नाव

आपल्याकडची जुनी पोथी म्हणजे सुट्ट्या पानांची चळत. वाऱ्याची झुळूक आली की अध्याय इकडचे तिकडे. म्हणून लेखनिक समासात पानाचा आकडा घालायचा आणि पुष्कळदा ग्रंथाच्या नावाची अक्षरंही. अरबी-फारसी हस्तलिखितांत निराळी युक्ती होती. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत. शब्द जुळला की पान जुळलं.

या झाल्या पानाच्या खुणा. मजकुराची खूण वेगळी. ज्ञानेश्वरीतली जागा आपण अध्याय आणि ओवी सांगून दाखवतो, कुराणातली सुरा आणि आयत सांगून. मुद्रक रोबेर एस्तिएन यानं १५५१ साली छापलेल्या नव्या करारात वचनांना आकडे दिले, तेही यासाठीच. प्रत कुठलीही असो, ठिकाण तेच राहतं.

कागद संगणकाच्या पडद्यावर गेला तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली एक योजना मांडली. तिचं नाव कॅमलॉट. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आलं. कुठल्याही यंत्रावर पान जसंच्या तसं दिसू लागलं. पण पाचशे पानांच्या ग्रंथात हवं ते प्रकरण गाठायचं कसं? इथे पानांत बोट घालून ठेवायची सोय नाही! त्यासाठी पानाच्या बाजूला बुकमार्कांची उतरंड आली, मजकुरात लिंका आल्या.

आता शेकडो बुकमार्क हातानं घालायचे, आणि पुढच्या आवृत्तीत चार पानं वाढली की पुन्हा पहिल्यापासून! हे काम प्रोग्रामनं करावं, म्हणून 'पीडीएफमार्क' नावाची आज्ञा आली. शीर्षकापाशीच ती लिहायची: इथे खूण कर, तिचं नाव अमुक, तिच्या पोटात इतक्या उपखुणा. पुढे ब्रिटनमधल्या सेबॅस्टियन राट्झ यांच्या 'हायपररेफ'नं लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांचा हा व्यापही वाचवला. पहिल्या फेरीत शीर्षकं टिपून ठेवायची, पुढच्या फेरीत त्यांचे बुकमार्क करायचे. मजकूर हलला की खुणाही त्याच्याबरोबर हलतात.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती नाव दिलेली जागा. 'पान ४७' अशी लिंक दिली आणि आधी एक पान वाढलं, तर वाचक भलतीकडे पोचतो. जागेला नाव दिलं असेल, तर पान बदललं तरी लिंक तिथेच नेते. ओवीनं जे साधलं होतं, तेच हे.

मराठीची अडचण आणखी एक. जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. पान सुरेख दिसे, पण बुकमार्क पानाचा फाँट वापरत नाही. तिथे शीर्षकाऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटे. युनिकोडात लिहिलेलं शीर्षक मात्र तिथेही नीट वाचता येतं.

आज आपली कितीतरी जुनी पुस्तकं पीडीएफच्या रूपानं उपलब्ध आहेत. पुष्कळशी म्हणजे पानांचे नुसते फोटो. ना बुकमार्क, ना लिंक. पुस्तक हाताशी आहे आणि कविता सापडत नाही, तर वाचक दोन-चारदा पानं सरकवतो आणि सोडून देतो. पुस्तक जपलं गेलं, पण वाचलं गेलं नाही.

खुणा प्रोग्राम घालील, पण नाव काय द्यायचं हे माणसानंच ठरवायला हवं. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या छापील आवृत्त्यांत अभंगांचे क्रमांक एकसारखे नाहीत. म्हणजे इथे आकडाही पुरत नाही. पण अभंगाची पहिली ओळ वारकऱ्याच्या ओठांवर असते. अभंगाच्या जागेला त्या ओळीचंच नाव द्यावं. पानाच्या तळाशी पुढचा शब्द लिहून ठेवणाऱ्या लेखनिकाला हे लगेच पटलं असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)