बोलक्या यंत्रांची आचारसंहिता

यंत्रमानवानें मनुष्यास इजा करूं नये, त्याची आज्ञा पाळावी आणि या दोहोंस बाध न येईल अशा बेतानें स्वतःचें रक्षण करावें, असे तीन नियम अमेरिकन लेखक ऐझॅक आसिमॉव्ह यानें १९४२ सालच्या एका कथेंत घातले. पुष्कळांना ते शास्त्रीय सिद्धांतच वाटूं लागले. गंमत ही, कीं त्याच कथेंत दुसऱ्या व तिसऱ्या नियमांची ओढाताण होऊन बिचारा यंत्रमानव एका जागेभोवतीं चकरा मारीत राहतो. नियमकर्त्यानेंच नियमांची फजिती दाखविली होती!

कथेबाहेर हा प्रश्न १९६६ सालीं उभा राहिला. अमेरिकेंत प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनीं संगणकाकडून संभाषण करविणारी ‘एलायझा’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. (नांव शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकांतील नायिकेचें, पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळें ती मराठी रसिकांस परिचित आहे.) एलायझास समजत कांहींच नव्हतें. कोणी आईचें नांव काढलें, कीं कुटुंबाविषयीं आणखी सांगा, असें ती म्हणे. एवढीच तिची विद्या. तरीहि दोनचार वाक्यांची देवघेव होतांच वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनीं त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ती आज्ञावली कशी घडली, हें त्या बाईंनीं कित्येक महिने पाहिलें होतें! वायझेनबाउम यांनीं याचा धसका घेतला. यंत्रास जें करतां येतें तें सारें त्याच्यावर सोंपवूं नये, असें त्यांनीं १९७६ सालच्या ग्रंथांत निक्षून सांगितलें. त्यांचें ऐकलें थोड्यांनीं.

पुढें डीपमाइंड संस्थेनें २०२२ सालीं ‘स्पॅरो’ या बोलक्या यंत्रास २३ नियम घालून दिले. मुद्दाम फसवूं पाहणाऱ्यांना तरीहि शंभरांत सुमारें ८ वेळां त्याच्याकडून नियमभंग करवितां आला. त्याच वर्षाअखेर अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें निराळी वाट धरली. यंत्रानें उत्तर लिहावें, नेमून दिलेल्या तत्त्वास धरून स्वतःच त्याचे दोष काढावे व तें सुधारावें. अशा उत्तरांवर त्याचें पुढील शिक्षण व्हावें. पाटीवरचें गणित विद्यार्थ्यानेंच तपासावें, तसा हा प्रकार. तत्त्वें कागदावर असल्यानें तीं बाहेरच्यालाहि वाचतां येतात, हा लाभ मोठा. परंतु विद्यार्थी आपली चूक आपल्याच समजुतीनें शोधतो, हें वैगुण्य उरतेंच.

ही तत्त्वें २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांस अ‍ॅपल कंपनीच्या सेवाशर्तींचा आधार होता (हें थोडें विचित्रच), तसा मानवी हक्कांच्या १९४८ सालच्या जाहीरनाम्याचाहि होता. त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यांत ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघूं शकेल असे इंग्रजी शब्द होते. मुंबईच्या कायदेमंडळांत काम केलेल्या हंसाबेन मेहता यांनीं त्यांस हरकत घेतली. अशा शब्दांनीं स्त्रिया वगळल्या जातील, हें त्यांनीं समितीस बजावलें, आणि अखेर ‘सर्व मानव’ हे शब्द आले. शब्द बदलावयास मेहताबाईंना समितींत जागा तरी होती. २०२३ सालींच सुमारें १,००० लोकांचीं मतें घेऊन यंत्रासाठीं तत्त्वांची आणखी एक यादी करून पाहण्यांत आली. ते सारे अमेरिकन होते. आणि हीं यंत्रें आतां मराठींतहि उत्तरें देतात.