तांब्याचा वाडगा, स्टीलचा वाडगा

आमचे अब्बा कल्हईवाले. सातारा जिल्ह्यातल्या बाजारगावांतून भाता, कोळसा, कथिल आणि नवसागर घेऊन ते फिरायचे. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, कापसाच्या बोळ्यानं कथिल फिरवलं की काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं उजळायचं आणि पाण्यात बुडवताच छन्न आवाज व्हायचा. माझ्या कानात बसलेला पहिला नाद तो. कविता फार नंतर आली.

1977 साल असावं, मी आठ वर्षांचा होतो. अब्बांचा जुना सदरा आणि दोन लुगडी देऊन अम्मीनं बोहारणीकडून स्टीलचा वाडगा घेतला. कल्हईवाल्याच्या घरात स्टील आलं! अब्बा रागावले नाहीत, पण म्हणाले, ‘‘ये कंजूस है. न गरमी लेता, न देता.’’ आणि ते सिद्ध करायला बसले. धाकट्या बहिणीचं दूध गार करायचं होतं. परातीत विहिरीचं पाणी घेतलं. एक तांब्याचा कल्हई केलेला वाडगा, एक स्टीलचा. दोन्हींत सारखंच ऊन दूध. आम्ही सगळे भोवती बसलो. थोड्या वेळानं अब्बांनी एकात बोट घातलं, मग दुसऱ्यात. फरक कळेना. अम्मी म्हणाली, ‘‘भांडे को नक्को देखो जी, पानी हिलाओ.’’ तिनं स्टीलच्या वाडग्यातलं दूध चमच्यानं ढवळलं, वाडगा परातीत गोल गोल फिरवला. स्टीलमधलं दूध आधी गार झालं. अब्बा काही न बोलता भाता खांद्याला मारून बाहेर पडले.

मी बी. ए. केलं ते मराठी घेऊन. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. पण त्या दिवसाचं कोडं मनातून गेलं नाही. पुढे वाचनालयात या विषयाचा इतिहास हाती लागला आणि लक्षात आलं, की आमच्या अंगणातला वाद युरोपातल्या विद्वानांनी शंभर वर्षं घातला होता.

1757 साली अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं एका मित्राला पत्रात लिहिलं, की माझं लाकडी मेज आणि त्याचं धातूचं कुलूप एकाच खोलीत आहेत, तरी हाताला कुलूपच जास्त गार लागतं. त्याचं म्हणणं असं, की धातू हातातली उष्णता चटकन ओढून नेतो, लाकूड ओढत नाही. म्हणजे हाताला जाणवतो तो वस्तूचा गारवा नव्हे, आपली ऊब किती वेगानं निघून जाते तो वेग. याच फ्रँकलिनच्या सूचनेवरून यान इंगेनहाउस या डच वैद्यानं 1780 च्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या वेगवेगळ्या धातूंच्या तारा घेतल्या, त्यांना मेणाचा लेप दिला आणि टोकं गरम तेलात बुडवली. ज्या तारेवरचं मेण जास्त उंचीपर्यंत वितळलं, ती उष्णतेची चांगली वाहक. चांदी पहिली आली, शिसं शेवटी. तांबं चांदीच्या पाठोपाठ. अब्बांनी हे ऐकलं असतं तर मिशीत हसले असते.

आजची मोजमापं हेच सांगतात. तांबं लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतं आणि स्टेनलेस स्टीलच्या तर पंचवीसपट. काच त्याहून कितीतरी मागे. 1822 साली फ्रान्सच्या जोसेफ फूरिएनं याचं गणितही मांडलं. दोन बाजूंच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी उष्णता जास्त वाहते, भिंत जितकी जाड तितकी कमी, आणि बाकीचं त्या पदार्थाच्या गुणावर अवलंबून.

मग आमच्या परातीत काय घडलं? तांबं हरलं कसं?

नेमक्या याच जागी पेक्ले नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ अडखळला होता. 1829 साली पॅरिसमध्ये ‘एकोल सांत्राल’ ही अभियंत्यांची शाळा काढणाऱ्यांपैकी तो एक. एका बाजूला गरम पाणी, दुसऱ्या बाजूला गार पाणी आणि मध्ये धातूचा पत्रा, असं ठेवून तो उष्णता मोजत होता. पत्रा बदलला, जाडी बदलली, तरी उत्तरात फारसा फरक पडेना. जणू सगळे धातू सारखेच! शेवटी दोष धातूत नसून पाण्यात आहे हे त्यानं ओळखलं. पत्र्याला चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ निश्चल राहतो, आणि पाणी हे उष्णतेचं फार वाईट वाहक. हिशेब केला तर एक मिलिमीटर निश्चल पाणी उष्णतेला जेवढं अडवतं, तेवढं अडवायला साठ सेंटीमीटरहून जाड तांबं लागेल. वाडग्याच्या पातळ पत्र्याची त्यापुढे काय कथा? पेक्लेनं दोन्ही बाजूंचं पाणी सतत ढवळणारी, पत्र्यावरून तो थर पुसून काढणारी यंत्रणा बसवली, तेव्हा कुठे धातूंचे खरे गुण दिसू लागले. 1841 साली त्यानं हे छापलं.

पाण्याच्या या स्वभावाची चाहूल आधी काउंट रम्फर्डला लागली होती. जेवताना सफरचंदाचा गर भरलेला पदार्थ फार वेळ गरम का राहतो, हा त्याचा प्रश्न. आपल्याकडे दाट खिरीनं जीभ भाजते, तीच गोष्ट. दाटपणामुळे आतलं पाणी हलत नाही, म्हणून ऊब बाहेर येत नाही. 1797 च्या निबंधात मात्र त्यानं एक पाऊल जास्त टाकलं. बर्फावर उकळतं पाणी ओतलं तर तळचा बर्फ फार सावकाश वितळतो, हे पाहून द्रव पदार्थ उष्णता वाहूनच नेत नाहीत असं तो म्हणाला. ते चूक ठरलं. पाणी उष्णता नेतं, पण थोडीशी.

म्हणजे अम्मीचं म्हणणं आणि पेक्लेचं म्हणणं एकच होतं. तिनं ढवळून आतला थर मोडला, वाडगा फिरवून बाहेरचा. तिला अक्षरओळख नव्हती. चार मुलांचं दूध गार करता करता तिला ते कळलं होतं.

अब्बांचं ज्ञानही खोटं नव्हतं, जागा चुकली होती. चुलीवर तांबंच खरं. ज्वाळा एका ठिकाणी लागते आणि तांबं ती ऊब तळभर पसरवतं. स्टीलला ते जमत नाही, म्हणून खीर मध्येच करपते. पुढे बाजारात तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली आली. तोवर कल्हईचा धंदा बसला होता आणि अब्बा एका गोदामावर राखणदारी करत होते. असं पातेलं मी घरी आणलं, तेव्हा त्यांनी ते उपडं केलं, बुडावरून बराच वेळ अंगठा फिरवला आणि अम्मीला हाक मारून दाखवलं, ‘‘देख, आखिर नीचे तांबाच लगाना पडा.’’

अम्मी म्हणाली, ‘‘हां जी.’’ आणि त्यात दूध तापत ठेवलं.